रुतलेलं चाक चढणीवर असतं

तळ्याकाठची वाळू दुरून अगदी सपाट दिसत होती. फसलो ते त्या सपाटपणालाच. डांबरी रस्ता बराच मागे राहिलेला, मोबाइलला रेंज नाही आणि मित्राच्या गाडीची पुढची चाकं जागच्या जागी गरगरतायत. अशा वेळी सल्ले फुकट मिळतात. एकजण ओरडत होता, "रेस दे, अजून रेस दे!" दुसऱ्याचं म्हणणं, दोघांनी बॉनेटवर बसावं, वजन आलं की चाक पकडेल. मित्राचे वडील मात्र टायरजवळ उकिडवे बसून म्हणाले, "आधी हवा सोडा रे." त्यांचं कोणी ऐकलं नाही. निदान पहिला अर्धा तास तरी नाही.

तिन्ही सल्ल्यांमागे एकच प्रश्न आहे: वाळूत चाक रुतलं की नेमकं काय अडतं? बहुतेक जण म्हणतील, 'ग्रिप' मिळत नाही. हे अर्धंच खरं आहे. सुकी वाळू म्हणजे सुटे कण. त्यांना एकमेकांशी धरून ठेवणारं काहीच नसतं, असतं ते फक्त घर्षण. त्यामुळे वाळू चाकाला जास्तीत जास्त किती रेटा देऊ शकेल, हे चाकावरच्या वजनावर ठरतं. सैल वाळूसाठी हा रेटा ढोबळपणे वजनाच्या ०.६ पट धरता येतो. सूत्रात टायरची रुंदी कुठेच नाही. मग रुंद टायर आणि कमी हवा यांचा उपयोग काय?

इथे थोडी भूमिती करू. एरवी मला भूमितीचं प्रेम नाही, पण हे गणित फारच देखणं आहे. चाकाची त्रिज्या ३५ सेंटिमीटर धरा. चाक ५ सेंटिमीटर रुतलं, तर त्याचा सर्वांत खालचा बिंदू आणि पुढे जिथे ते वाळूच्या पृष्ठभागाला टेकतं तो बिंदू, यांत पायथागोरसनुसार सुमारे १८ सेंटिमीटर आडवं अंतर पडतं. म्हणजे १८ पुढे जाताना ५ वर चढायचं, साधारण १५ अंशांचा चढ. १० सेंटिमीटर रुतलं की तोच चढ २२ अंशांवर जातो. आणि हा चढ संपत नाही. चाक पुढे सरकलं की पुढची वाळू दबते, नवा खड्डा होतो, नवा चढ तयार होतो. तळ्याचा काठ कितीही सपाट असो, रुतलेली गाडी घाटच चढत असते.

आता दोन्ही गोष्टी जोडा. चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळत असेल, तर ०.६ पट रेटा म्हणजे सुमारे ३१ अंशांच्या चढाइतका. ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना असेल, तर गाडीचं जेमतेम अर्धं वजनच कामी येतं: ०.३ पट, म्हणजे १७ अंश. पाच सेंटिमीटरच्या खड्ड्यानेच १५ खाल्ले! मागची चाकं दबलेल्या चाकोरीतून येतात, त्यामुळे प्रत्यक्षात थोडी सवलत मिळते. गणित ढोबळच आहे, पण साध्या गाडीला चार बोटं वाळू का पुरते ते यातून कळतं. फोर व्हील ड्राइव्हच्या जाहिरातीत गाडी पाणी उडवत काठाकाठाने धावते, ती या उरलेल्या १४ अंशांच्या जोरावर. ते संपले की चार चाकं मिळून दोनाऐवजी चार खड्डे खणतात, आणि तेही रस्त्यापासून आणखी दूर.

बॉनेटवर बसण्याचा सल्ला ओल्या गवतावर कामी येईल, कारण तिथे जमीन दबत नाही. वाळूत वजनाबरोबर पकड वाढते, तसा खड्डाही वाढतो.

आता काकांचा सल्ला. दोन टनांच्या गाडीत एका चाकावर ५०० किलो येतात. टायरमध्ये ३२ ची हवा असेल तर दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो, म्हणजे ५०० किलो पेलायला सव्वादोनशे चौरस सेंटिमीटर जागा लागते. टायर २० सेंटिमीटर रुंद असेल तर जमिनीला टेकलेला पट्टा सहा बोटं लांब. हवा १६ वर आणली की तोच पट्टा वीतभर होतो. (टायरच्या भिंतीही थोडं वजन उचलतात, त्यामुळे आकडे तंतोतंत नाहीत.) वाळूवरचा दाब निम्मा झाला, रुतणं कमी, चढ कमी. हवा सोडल्याने पकड फारशी वाढत नाही, समोरचा घाट बुटका होतो. राल्फ बॅगनॉल्ड या ब्रिटिश लष्करी अभियंत्याने १९२० आणि ३० च्या दशकांत लीबियाच्या वाळवंटात फोर्डच्या साध्या मोटारी फिरवल्या त्या याच युक्तीवर. सोबत चाकाखाली सरकवायला लोखंडी पट्ट्या असत.

आणि रेस? ओल्या वाळूवर पाय दाबा. पायाभोवतीची वाळू क्षणभर फिकट, कोरडी पडते. दाबाने पाणी वर यायला हवं, ते उलट आत कसं गेलं? घट्ट बसलेले कण एकमेकांवरून सरकायचे तर आधी त्यांना फाकावं लागतं, मधली पोकळी वाढते आणि पाणी तिच्यात उतरतं. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये या फुगण्याला 'डायलेटन्सी' असं नाव दिलं. फाकायला कण विरोध करतात, म्हणून घट्ट वाळू मजबूत असते. एकदा फाकले की ती ताकद गेली. हळू फिरणारं चाक वाळू दाबून तिच्यावरून जातं. गरगरणारं चाक तीच वाळू आधी सैल करतं आणि मग मागे फेकतं. ब्रेक करकचून मारला तर तीच वाळू चाकापुढे ढिगासारखी साचते. म्हणून वाळूत ब्रेक न लावता गाडी आपोआप थांबू द्यावी, उतरत्या बाजूला तोंड करून. आणि चाक एकदा जागच्या जागी फिरलं की लगेच पाय काढावा, आपल्याच चाकोरीतून मागे यावं.

तळ्याचा काठ समुद्रकिनाऱ्यापेक्षा फसवा. पाणी संथ, म्हणून बारीक गाळ तळाशी बसतो. पाणी ओसरलं की वरचा थर वाळून पापुद्रा होतो, खाली चिखल तसाच. मंगळावर 'नासा'ची 'स्पिरिट' ही मानवरहित गाडी २००९ मध्ये अशाच कठीण पापुद्र्यातून खालच्या मऊ वाळूत गेली. तिचं एक चाक आधीच बंद पडलेलं होतं. पृथ्वीवर तशीच वाळू भरून महिनोन्‌महिने प्रयोग झाले, गाडी निघाली नाही.

आपल्याला निदान उतरून चालता येतं. मात्र दोन्ही पायांवर चालून "घट्ट आहे" म्हणू नका. एका टाचेवर सगळं वजन टाकून उभे राहा. टाचेची जागा तीसेक चौरस सेंटिमीटर, त्यामुळे सत्तर किलोच्या माणसाची टाच जवळजवळ पूर्ण हवेच्या टायरइतकाच दाब देते. पण टायरचा भार त्याच्या रुंदीच्या दीड-दोन पट खोल पोचतो, टाचेचा नाही. म्हणून काठी खुपसून हातभर खाली काय आहे तेही पाहावं.

असल्या जागांबद्दल 'हे तळं गाड्या गिळतं' अशी दंतकथा हमखास असते. गिळत काही नाही. पाण्याने भरलेली बारीक वाळू हादऱ्याने पातळ होते, मग पुन्हा घट्ट बसते. २००५ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आलेल्या प्रयोगांनुसार दलदलीच्या वाळूची घनता माणसाच्या जवळजवळ दुप्पट असते, त्यामुळे माणूस कमरेच्या आसपास तरंगत राहतो. अडचण बाहेर पडण्याची आहे. पाय सेकंदाला एक सेंटिमीटर वेगाने उपसायला मध्यम आकाराची मोटार उचलण्याइतकं बळ लागतं. तेव्हा इंजिन चालू ठेवून ओल्या पट्ट्यावर गाडी उभी करू नये, एवढं पुरे. कोपलेल्या देवतेची गरज नाही.

आम्ही शेवटी काकांचं ऐकलं. चाकांपुढची वाळू हातांनी उपसून उतार केला, व्हॉल्व्हमध्ये काडी दाबून चारही टायरच्या भिंती खाली फुगीर दिसेपर्यंत हवा सोडली. दुसऱ्या गिअरला, हलक्या पायाने, गाडी पहिल्याच प्रयत्नात निघाली. मग लक्षात आलं की पंप कोणीच आणलेला नाही. मऊ टायरवर वेगात गेलं तर भिंती तापतात आणि वळणावर टायर रिंगवरून निसटतो. म्हणून डांबरी रस्ता लागल्यावरही आम्ही सायकलच्या वेगाने चाललो होतो, आणि मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवत होते.