त्रेपन्नावरून एकतीस: लेस्टरच्या निकालामागची पन्नास वर्षे

४ मे २०२३ रोजी इंग्लंडभर स्थानिक निवडणुका झाल्या. हुजूर पक्षाचे हजारावर नगरसेवक पडले आणि मजूर पक्षाने पाचशेहून अधिक जागा नव्याने जिंकल्या. लेस्टर शहरात मात्र याच्या नेमके उलट घडले. २०१९ मध्ये तिथल्या ५४ पैकी ५३ जागा मजूर पक्षाकडे होत्या आणि हुजूर पक्षाचा एकही नगरसेवक नव्हता. आता मजूर ३१ वर आले, हुजूर शून्यावरून १७ वर गेले, ग्रीन पक्ष आणि लिबरल डेमोक्रॅट यांना प्रत्येकी तीन जागा मिळाल्या. सत्ता राहिली, पण बावीस जागा गेल्या, आणि त्याही पक्षाला देशभर यश मिळत असताना.

आपल्याकडे या निकालाची बातमी आली ती ‘हिंदू मतदार फिरला’ एवढ्या तीन शब्दांत. हे खोटे नाही, पण अपुरे आहे. लेस्टरमधले भारतीय वंशाचे लोक मजूर पक्षाशी मुळात जोडले कसे गेले हे पाहिल्याशिवाय ते दूर का गेले हे कळत नाही. त्यासाठी १९७२ पर्यंत मागे जावे लागते.

ऑगस्ट १९७२ मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने तिथल्या आशियाई, म्हणजे मुख्यतः भारतीय वंशाच्या, लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितले. त्यांतल्या अनेकांकडे ब्रिटिश पासपोर्ट होते आणि लेस्टरमध्ये त्यांचे नातलग आधीच स्थायिक झालेले होते. होजिअरीच्या आणि बुटांच्या कारखान्यांत काम मिळत होते. तेव्हा लेस्टरच्या कौन्सिलने, म्हणजे तिथल्या महापालिकेने, ‘युगांडा आर्गस’ या कंपालातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली. आमच्याकडे घरे नाहीत, शाळा भरल्या आहेत, तुमच्या हिताचा विचार करून लेस्टरला येऊ नका, असा तिचा आशय होता. दोन सुटकेसांत संसार कोंबत असलेल्या माणसाच्या हातात ते पान पडले असेल तेव्हा त्याला काय वाटले असेल, हा विचार मला अजून अस्वस्थ करतो. लोक तरीही आले. उलट त्या जाहिरातीमुळेच लेस्टरचे नाव आम्हाला कळले, असे सांगणारेही पुढे भेटू लागले.

आल्यावर स्वागत झाले असे नाही. १ मे १९७४ रोजी इंपीरियल टाइपरायटर्स या कारखान्यातले आशियाई कामगार संपावर गेले. गोऱ्या कामगारांपेक्षा कमी बोनस आणि बढतीत डावलणे, ही त्यांची तक्रार होती. त्यांच्याच कामगार संघटनेने त्यांना पाठिंबा दिला नाही. संप जवळजवळ तीन महिने चालला आणि पुढच्या वर्षी अमेरिकन मालकांनी कारखानाच बंद केला. दोन वर्षांनी, १९७६ च्या कौन्सिल निवडणुकीत, स्थलांतरितांना परत पाठवा म्हणणाऱ्या नॅशनल फ्रंटने सगळ्या ४८ जागांवर उमेदवार उभे केले आणि अठरा टक्क्यांहून अधिक मते मिळवली. जागा एकही मिळाली नाही. पण बेलग्रेव्ह या लेस्टरमधल्या भारतीय वस्तीत राहणाऱ्या कुटुंबाला त्या आकड्याचा अर्थ पुरेसा स्पष्ट होता: रस्त्यावरून जाताना दिसणाऱ्या दर पाच-सहा मतदारांमागे एकाला आपण इथे नको आहोत.

त्या निवडणुकीत सत्ता हुजूर पक्षाकडे गेली. १९७९ मध्ये मजूर पक्षाने ती परत घेतली, आणि पुढची चोवीस वर्षे सोडली नाही. आशियाई मतदारांची मजूर पक्षाशी गाठ बांधली गेली ती याच काळात. पक्षाने त्यांना जवळ केले असे म्हटले जाते. मला ते अर्धेच खरे वाटते. संपात ज्यांना संघटनेने वाऱ्यावर सोडले त्याच समाजातले लोक पक्षाच्या शाखांमध्ये जाऊन बसू लागले, सदस्य नोंदवू लागले, उमेदवारी मागू लागले. नॅशनल फ्रंटविरुद्धच्या मोर्चांत ज्यांच्याबरोबर चालले, त्यांच्याबरोबर पुढे प्रभागात काम केले. १९८३ पासून बेलग्रेव्ह रोडवर दिवाळीची रोषणाई होऊ लागली. १९८७ मध्ये गोर्धन परमार लेस्टरचे पहिले आशियाई लॉर्ड मेयर, म्हणजे शहराचे नामधारी, मानाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी लेस्टर ईस्टमधून कीथ वाझ खासदार झाले. ते जन्माने एडनचे, आईवडील गोव्याचे. पुढची बत्तीस वर्षे तो मतदारसंघ त्यांच्याकडे राहिला. ज्या कौन्सिलने येऊ नका म्हटले होते, तिथल्या मानाच्या खुर्चीवर पंधरा वर्षांत त्याच लोकांमधला माणूस बसला. हे उपकाराने मिळालेले नव्हते.

इथे कौन्सिलचा अधिकार किती, हेही सांगायला हवे. १९७४ च्या स्थानिक कारभाराच्या फेररचनेत लेस्टर हा लेस्टरशायर परगण्यातला नुसता एक जिल्हा झाला. शाळा, समाजसेवा, रस्ते ही मोठी खाती परगण्याकडे गेली. एप्रिल १९९७ मध्ये ती शहराकडे परत आली. म्हणजे आज लेस्टरचा नगरसेवक निवडताना कचऱ्याच्या डब्यापासून वृद्धांच्या देखभालीपर्यंतच्या सगळ्याचा कारभारी निवडला जातो.

आता निवडणुकीची पद्धत, कारण ५३ हा आकडा तिच्याशिवाय समजत नाही. शहरात २१ प्रभाग आहेत. काही दोन नगरसेवकांचे, काही तीनचे. दर चार वर्षांनी सगळ्या जागा एकदम भरल्या जातात. मतदान केंद्र म्हणजे बहुधा एखाद्या शाळेचा किंवा समाजमंदिराचा हॉल. प्लायवुडच्या आडोशात दोरीने बांधलेली पेन्सिल असते. तीन जागांच्या प्रभागात सगळ्या पक्षांच्या उमेदवारांची आडनावांच्या वर्णक्रमाने लावलेली एकच लांब यादी हातात येते आणि त्यात तीन फुल्या मारायच्या. पुण्याच्या चार सदस्यांच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा जागा वेगळ्या असतात आणि प्रत्येक जागेची लढत स्वतंत्र असते. तसे इथे नाही. सर्वाधिक मतांचे पहिले तीन निवडून येतात. बहुतेक लोक तिन्ही फुल्या एकाच पक्षाला देतात, त्यामुळे प्रभागात थोडी आघाडी असलेला पक्ष तिन्ही जागा उचलतो. मजूर पक्षाला २०११ आणि २०१५ मध्ये ५२ जागा मिळाल्या, २०१९ मध्ये ५३. त्याच्या विरोधात मत देणारे हजारो लोक शहरात होते, सभागृहात मात्र ते दिसत नव्हते. वर्षानुवर्षे तगडा विरोधक समोर नसला की सत्ताधारी पक्षातच विरोधी पक्ष तयार होतो. लेस्टरमध्ये तेच झाले.

त्याआधी २००३ बद्दल, कारण २०२३ ला अभूतपूर्व म्हणणारे हे वर्ष हमखास विसरतात. मार्च २००३ मध्ये टोनी ब्लेअर यांनी ब्रिटनला इराक युद्धात उतरवले. मे महिन्यात लेस्टरने मतदान केले आणि लिबरल डेमोक्रॅट २५, मजूर २०, हुजूर ९ असा निकाल लागला. चोवीस वर्षांची सत्ता गेली. पुढच्या वर्षी लेस्टर साउथच्या पोटनिवडणुकीत लिबरल डेमोक्रॅटांचे परमजितसिंग गिल जिंकले. त्या वेळी दुखावले गेले होते ते प्रामुख्याने मुस्लिम मतदार, आणि कारण होते परराष्ट्र धोरण. २००७ मध्ये मजूर पक्ष ३८ जागा घेऊन परत आला. हे मतदार कायमचे कुणाच्या खिशात नाहीत, हे तेव्हाच दिसले होते. पक्षाने त्यातून काही शिकल्याचे मला तरी दिसत नाही.

२०११ मध्ये लेस्टरने थेट लोकांनी निवडायचा कार्यकारी महापौर आणला. त्यासाठी सार्वमत घेतले नाही, कौन्सिलनेच ठराव केला. पहिले महापौर झाले सर पीटर सोल्सबी. ऐंशी-नव्वदच्या दशकांत ते कौन्सिलचे नेते होते, २००५ पासून लेस्टर साउथचे खासदार होते आणि महापौरपदासाठी त्यांनी खासदारकी सोडली. कामाचा माणूस, याबद्दल त्यांचे विरोधकही फारसे दुमत दाखवत नाहीत. पण सगळे अधिकार एका कार्यालयात एकवटले आणि प्रभागातल्या नगरसेवकाला आपण फक्त हात वर करायला आहोत असे वाटू लागले. मार्च २०२३ मध्ये महापौरपदच रद्द करावे असा ठराव सभागृहात आला, तेव्हा काही मजूर नगरसेवकांनीच त्याला साथ दिली. ठराव पडला.

त्याच महिन्यात दुसरा घाव बसला, आणि माझ्या मते हाच सर्वांत खोल होता. मजूर पक्षाच्या राष्ट्रीय नेतृत्वाने उमेदवारनिवड आपल्या हातात घेतली आणि १९ विद्यमान नगरसेवकांची तिकिटे कापली. त्यांत बरेच जण दक्षिण आशियाई वंशाचे होते. मतदानाला जेमतेम सहा आठवडे उरले होते. प्रभागातला नगरसेवक म्हणजे ज्याने आजीच्या घराचा अर्ज भरून दिला, ज्याला मंदिरात किंवा मशिदीत सगळे नावाने ओळखतात, असा माणूस. पक्षाचे चिन्ह लोकांपर्यंत पोहोचवणारा तोच. काही जण दुसऱ्या पक्षांकडून उभे राहिले, काही घरी बसले, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे कार्यकर्तेही बसले.

तोपर्यंत शहर आधीच दुखावलेले होते. सप्टेंबर २०१९ मध्ये मजूर पक्षाच्या अधिवेशनात काश्मीरवर झालेल्या ठरावाने भारतीय वंशाचे अनेक मतदार नाराज झाले. त्याच वर्षी वाझ बाजूला झाले आणि बाहेरून आणलेल्या उमेदवाराला लेस्टर ईस्ट मिळाले, पण पक्षाचे मताधिक्य बावीस हजारांवरून सहा हजारांवर आले. मग २०२२. आशिया चषकातला भारत-पाकिस्तान सामना २८ ऑगस्टला दुबईत झाला आणि त्यानंतर लेस्टरच्या पूर्व भागात हिंदू आणि मुस्लिम तरुणांच्या जमावांत तणाव वाढत गेला. १७ आणि १८ सप्टेंबरला तो टोकाला पोहोचला. समाजमाध्यमांवरच्या अफवांनी तेल ओतले. शेजारी-शेजारी चाळीस-पन्नास वर्षे राहिलेली घरे एकमेकांकडे संशयाने पाहू लागली. दोष कुणाचा यावर आजही एकमत नाही. दमण-दीवहून नव्याने आलेल्यांवरही बोट ठेवले गेले. १९६१ पूर्वीच्या पोर्तुगीज राजवटीमुळे तिथल्या आणि गोव्यातल्या लोकांना पोर्तुगीज पासपोर्ट मिळवता येतो, आणि ब्रिटन युरोपीय संघात असताना त्या वाटेने कित्येक जण लेस्टरच्या गोदामांत, कारखान्यांत कामाला आले. एका अख्ख्या वस्तीवर असे बोट ठेवणे मला तेव्हाही अन्यायाचे वाटले होते.

ऑक्टोबर २०२२ मध्ये नॉर्थ एव्हिंग्टनची पोटनिवडणूक झाली. जागा मजूर पक्षाच्या हक्काची समजली जायची. हुजूर पक्षाचे संजय मोढवाडिया जिंकले, ग्रीन दुसरे आणि मजूर तिसरे आले. मे २०२३ चे चित्र इथे स्पष्ट दिसत होते. त्यानंतर पाच महिन्यांनी पक्षाने ती १९ तिकिटे कापली.

४ मे रोजी इंग्लंडमध्ये मतदाराला पहिल्यांदाच सरसकट फोटो ओळखपत्र दाखवावे लागले, आणि महापौर निवडताना पहिल्याबरोबर दुसरी पसंतीही नोंदवण्याचा नियम गेला होता; आता सर्वाधिक मते मिळवणारा थेट जिंकत होता. सोल्सबी चौथ्यांदा निवडून आले, पण निम्म्याहून बऱ्याच कमी मतांवर. दुसऱ्या क्रमांकावर होते मोढवाडियाच. पुढच्या वर्षी, जुलै २०२४ मध्ये, हुजूर पक्ष देशभर झोपला असताना लेस्टर ईस्टमधून त्याच पक्षाच्या शिवानी राजा जिंकल्या. त्या निवडणुकीत दुसऱ्या पक्षाकडून हुजूर पक्षाने हिसकावलेली ती एकमेव जागा. शेजारच्या लेस्टर साउथमध्ये मजूर पक्षाचे जोनाथन ॲशवर्थ अपक्ष शौकत ॲडम यांच्याकडून ९७९ मतांनी हरले, आणि तिथे मुद्दा गाझाचा होता. एकाच शहरातले दोन मतदारसंघ, दोन वेगळ्या समाजांचा राग, आणि दोन्हीकडे फटका बसला तो त्याच एका पक्षाला.

मराठी वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण नव्याने आलेल्या आपल्या मुलांना ती बहुधा ठाऊक नसते. ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकाला तिथे मताचा हक्क आहे. भारतीय पासपोर्टवर, अगदी विद्यार्थी व्हिसावर असलात तरी, मतदारयादीत नाव नोंदवून कौन्सिलसाठी मत देता येते.

पुढची नियमित निवडणूक २०२७ ची. आता वाद हद्दवाढीचा आहे. ओडबी, विगस्टन, बर्स्टल, थर्मस्टन ही गावे लेस्टरला इतकी चिकटली आहेत की शहर कुठे संपले ते बसमध्ये बसून कळत नाही, पण त्यांची कौन्सिले वेगळी आहेत. बेलग्रेव्हमधून वर आलेली कितीतरी भारतीय कुटुंबे ओडबीत राहायला गेली आहेत. दुकान बेलग्रेव्ह रोडवर, देऊळ लेस्टरमध्ये, आणि मत १९९१ पासून लिबरल डेमोक्रॅटांच्या ताब्यात असलेल्या ओडबी-विगस्टनमध्ये. हद्द हलली तर हे मतदार पुन्हा लेस्टरच्या यादीत येतील. तेव्हा ते तीन फुल्या कुणासमोर मारतील, याचा हिशेब दोन्ही पक्षांच्या कार्यालयांत आताच सुरू झाला असणार.