खाज थांबली म्हणजे नायटा गेला असं नाही

पावसाळ्यात ओले कपडे अंगावरच वाळतात, जांघेत नायटा उठतो आणि लाजेपायी आपण कुणाला दाखवत नाही, सरळ मेडिकलमध्ये जाऊन "खाजेवर काहीतरी द्या" म्हणतो. जी ट्यूब मिळते तिच्यात बऱ्याचदा तीन-चार औषधं एकत्र असतात, फंगस मारणारं एक, अँटिबायोटिक आणि सोबत खाज-लाली दाबणारं स्ट्रॉइड, म्हणजे क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन वगैरे. दोन दिवसांत खाज बंद, लाली कमी, आपण खूश.

पण खाज आणि लाली म्हणजे शरीर फंगसशी भांडत असल्याची खूण असते आणि स्ट्रॉइड ते भांडणच दाबून टाकतं, त्यामुळे फंगस आत निवांत पसरत राहतो. नायट्याची ती गोल, उठावदार कड पुसट होते, मग बघणाऱ्या डॉक्टरलाही पटकन ओळखू येत नाही, याला टिनिया इनकॉग्निटो म्हणतात. क्रीम बंद केली की आधीपेक्षा जास्त उठतं, परत लावली की बरं वाटतं, आणि असे महिनोन्महिने जातात.

तोपर्यंत कातडीचं काय होतं? स्ट्रॉइडमुळे कोलेजन, म्हणजे कातडीला मजबुती देणारं प्रोटीन, कमी बनतं, कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात आणि जांघेत, काखेत स्ट्रेच मार्क्स पडतात, ते फिकट होतात पण पूर्ण जात नाहीत. जागेचाही फार फरक पडतो. 1967 साली हायड्रोकॉर्टिसोन वेगवेगळ्या जागी लावून मोजलं होतं, तर हाताच्या तुलनेत कपाळातून 6 पट आणि अंडकोषाच्या कातडीतून तब्बल 42 पट औषध आत गेलं! म्हणजे हातावर चालणारी क्रीम जांघेतही चालेल असं धरून चालू नका. डोळ्यांजवळ रोज लावली तर काचबिंदू होऊ शकतो. लहान मुलांना तर स्वतःच्या मनाने अजिबात लावू नका, त्यांच्या वजनाच्या मानाने कातडी जास्त असते त्यामुळे औषध रक्तात जास्त जातं.

चेहरा उजळतो म्हणून हीच क्रीम लावणारे पण खूप आहेत, आणि मग पिंपल्स, बारीक लव, उन्हात गेलं की आग.

स्ट्रॉइड वाईट औषध आहे असं मी म्हणत नाही, एक्झिमा, सोरायसिसला त्याच्याइतका आराम क्वचितच कशाने पडतो. पण क्लोबेटासोल सलग दोन आठवड्यांच्या वर आणि आठवड्याला 50 ग्रॅमच्या वर वापरायचं नसतं. 2018 पासून अशी बरीच क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे, तरी काउंटरवर मिळतातच, हे खरंच थांबायला हवं.

घरातली ट्यूब काढून मागची बारीक अक्षरं वाचा, क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन यातलं काही आहे का बघा. बरेच महिने लावत असाल तर एकदम बंद करू नका, त्वचेच्या डॉक्टरकडे जा आणि जाताना ती ट्यूब नाहीतर तिचा खोका तरी सोबत न्या.