गादीवरच्या कुस्तीत व्हिडिओ चॅलेंज : संयोजक मंडळांसाठी माहिती

कोल्हापूरच्या खासबागेत मातीवर निकाली कुस्ती लागली की टेकलेली पाठ अख्ख्या मैदानाला दिसते. तिथं आमच्या कॅमेऱ्यांचं काही काम नाही. गादीवर मात्र एका गुणावर कुस्ती फिरते.

प्रत्येक पैलवानाला एका कुस्तीत एक चॅलेंज असतं, म्हणजे पंचांचा निर्णय व्हिडिओवर तपासून मागायचा हक्क. पंचांनी गुण दिला किंवा नाकारला की 5 सेकंदांच्या आत वस्तादांनी मऊ स्पंज गादीवर टाकायचा. पैलवानच नको म्हणाला, तर स्पंज परत आणि कुस्ती पुढं चालू. चॅलेंज बरोबर निघालं तर ते शिल्लक राहतं. चुकलं तर हातचं जातं, वर समोरच्याला 1 गुण. हे वजनं घेतानाच सगळ्या वस्तादांना सांगून ठेवा. स्पंज पडल्यावर नियम समजावत बसलं की वाद ठरलेलाच.

खरी अडचण वर्तुळाच्या कडेला येते. कुस्तीचं वर्तुळ 9 मीटर व्यासाचं. पाय आधी बाहेर टेकला तर समोरच्याला 1 गुण, त्याआधीच त्यानं खाली आणून ताबा घेतला तर 2. कॅमेरा उंचावरून तिरका बघत असेल तर हवेतली टाचसुद्धा बाहेर टेकल्यासारखी दिसते. शिवाय एकच कॅमेरा असला की नेमक्या वेळी पंचांची पाठ आडवी येते. म्हणून आम्ही समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत दोन कॅमेरे लावतो. एक उंच, एक जवळजवळ गादीच्या पातळीला.

चित्रीकरण सेकंदाला 50 फ्रेमचं. पाय सेकंदाला 2 मीटर वेगानं सरकत असेल तर 25 फ्रेममध्ये दोन चित्रांत 8 सेंटिमीटरचा फरक पडतो, 50 मध्ये 4 चा. शटर 1/100 सेकंदावर ठेवतो. त्याहून जलद केलं तर हॉलमधल्या स्वस्त एलईडी दिव्यांची लुकलुक चित्रात उतरते आणि थांबवलेली फ्रेम काळपट येते.

दोन्ही कॅमेऱ्यांच्या केबली थेट टेबलापर्यंत ओढतो. वायफायवर विसंबत नाही. गर्दीतले शेकडो मोबाईल ते हमखास अडवतात. रेकॉर्डिंग ताशी साधारण 11 जीबी, प्रत्येक कॅमेऱ्याचं.

फेरतपासणीत आधी मूळ वेगात, मग सावकाश दाखवतो. नुसतं सावकाश बघितलं तर साधा धक्काही डाव वाटतो. निकाल ज्यूरी, म्हणजे चॅलेंज तपासणारे अधिकारी, देते, आमचा माणूस फक्त बटण दाबतो. त्याला ‘काय दिसलं?’ म्हणून विचारू नका.

तुमच्याकडून एक टेबल, जनरेटरपासून वेगळा विजेचा पॉइंट आणि पहिल्या कुस्तीआधी दोन तास एवढंच लागेल. टेबलामागं प्रेक्षक उभे राहू देऊ नका. स्क्रीन बघून तेच आधी निकाल ओरडतात.