सॉफ्टवेअरचे नाव निश्चित करण्यापूर्वी : मिळत्याजुळत्या नावांवरून होणारे ट्रेडमार्कचे वाद

हवे ते डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, मिळाले किंवा कंपनी निबंधकांकडून नाव मंजूर झाले, म्हणजे ते नाव आपले झाले, असा आमच्या बऱ्याच ग्राहकांचा समज असतो. या दोहोंपैकी कशानेही ट्रेडमार्कचा हक्क मिळत नाही.

मोझिलाचा ब्राउझर २००२ मध्ये ‘फीनिक्स’ या नावाने आला. संगणकांसाठी बायोस, म्हणजे संगणक सुरू होताना चालणारे मूळ सॉफ्टवेअर, तयार करणाऱ्या फीनिक्स टेक्नॉलॉजीज या कंपनीने हरकत घेतल्यामुळे एप्रिल २००३ मध्ये त्याचे ‘फायरबर्ड’ असे नामांतर झाले. परंतु त्याच नावाचा एक मुक्तस्रोत (ज्याचा कोड सर्वांना खुला असतो असा) डेटाबेस आधीपासून प्रचलित होता आणि त्या प्रकल्पातील मंडळींनी तीव्र विरोध केल्यामुळे अखेर फेब्रुवारी २००४ मध्ये ‘फायरफॉक्स’ हे तिसरे नाव घ्यावे लागले. ब्राउझर आणि डेटाबेस यांची कामे अगदी वेगळी आहेत, हे खरे. पण दोन्ही प्रकल्प मुक्तस्रोत जगातले आणि त्यांचे वापरकर्तेही पुष्कळसे तेच, त्यामुळे गोंधळाची भीती अनाठायी नव्हती. आमच्या मते यातील दुसरे नामांतर अधिक लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण वादातले नाव सोडण्याच्या घाईत नव्या नावाची पुरेशी तपासणी न होणे हा प्रकार आम्हाला आजही दिसतो.

भारतात अशा वादांना ट्रेड मार्क्स अधिनियम, १९९९ लागू होतो. दोन नावे शेजारी ठेवून अक्षरे जुळवली जात नाहीत, तर नाव अर्धवट लक्षात राहिलेला सामान्य ग्राहक उच्चार, रूप किंवा एकूण ठसा यांमुळे फसेल का, हे पाहिले जाते. ‘सिफी’ या नावाखाली व्यवसाय करणाऱ्या सत्यम इन्फोवेने ‘सिफीनेट’ हे नाव केवळ एका जादा ‘एफ’ने वेगळे लिहिणाऱ्या कंपनीविरुद्ध दाद मागितली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या बाजूने निर्णय देऊन डोमेन नावालाही ट्रेडमार्कप्रमाणे संरक्षण मिळू शकते, हे मान्य केले. तेव्हा स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर वाढवून वाद टळेल, अशी आशा कृपया बाळगू नये.

नोंदणी झालेली नसली तरी आधीपासून सातत्याने नाव वापरणाऱ्याचा हक्क कायदा मानतो. म्हणून केवळ नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोध घेऊन भागत नाही. अ‍ॅप स्टोअर, गिटहब हे कोड ठेवण्याचे संकेतस्थळ आणि तयार कोडच्या पॅकेजांच्या याद्याही पाहाव्या लागतात. ट्रेडमार्कची नोंदणी वस्तू आणि सेवांच्या ठरावीक वर्गांनुसार होते; डाउनलोड करण्याच्या सॉफ्टवेअरसाठी वर्ग ९ आणि इंटरनेटवरून दिल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअर सेवेसाठी वर्ग ४२ असल्याने शोध दोन्हींत घ्यावा, आणि तो उच्चारानुसारही घ्यावा.

नावाची मालकी कोणाची, हा प्रश्न भागीदारीत किंवा नोकरीत असताना सुरू केलेल्या प्रकल्पांमध्ये विशेष महत्त्वाचा ठरतो. नेटवर्कवरील माहितीची देवाणघेवाण तपासणाऱ्या ‘इथेरिअल’ या सॉफ्टवेअरच्या मूळ विकासकाने २००६ मध्ये नोकरी बदलली, तेव्हा मुक्त परवान्यामुळे कोड त्याला पुढे नेता आला. नावावरचा हक्क मात्र त्याच्याकडे नव्हता, आणि तो प्रकल्प ‘वायरशार्क’ या नावाने पुढे चालला.

अर्ज ऑनलाइन करता येतो. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योग यांना प्रत्येक वर्गासाठी ४,५०० रुपये, तर इतरांना ९,००० रुपये शासकीय शुल्क पडते. अर्ज स्वीकारला गेल्यावर तो ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो आणि त्यानंतर चार महिन्यांच्या आत कोणीही विरोध दाखल करू शकतो. नोंदणी दहा वर्षांची असून तिचे नूतनीकरण करता येते. नोंदणी होण्यापूर्वी नावापुढे वर्तुळातील ‘आर’चे चिन्ह लावणे हा गुन्हा आहे; तोवर ‘टीएम’ लिहावे.

एखाद्या कंपनीची नोटीस आल्यास ताबडतोब नाव बदलू नये आणि रागाच्या भरात उत्तरही पाठवू नये. नोटिशीची प्रत, तसेच आपण ते नाव केव्हापासून वापरत आहात हे दाखवणारी पहिली बिले, जाहिराती, डोमेन खरेदीची पावती आणि सॉफ्टवेअरच्या पहिल्या आवृत्तीची तारखेसह नोंद घेऊन आमच्या कार्यालयात यावे.