पेप्टाइड गुणवत्ता परीक्षण

प्रयोगशाळेतील संशोधनासाठी रासायनिक रीतीने बनवलेले पेप्टाइड (ॲमिनो अम्लांची आखूड साखळी) जे सांगितले तेच आहे का, कितपत निर्भेळ आहे आणि कुपीत प्रत्यक्ष किती आहे, हे ठरवणाऱ्या कसोट्यांना मिळून हे नाव आहे. हे तीन प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची उत्तरे देणारी उपकरणेही वेगळी आहेत. व्यवहारात मात्र तिघांची बोळवण ‘शुद्धता 98 टक्के’ एवढ्या एका आकड्यावर होते. प्रस्तुत नोंद औषधी पेप्टाइडांविषयी नसून केवळ संशोधनासाठी विकल्या जाणाऱ्या पेप्टाइडांविषयी आहे. शेवटी बडोद्याच्या रसायन-परंपरेचा व तिथल्या हवामानातील हाताळणीचा विचार केला आहे.

पहिले कृत्रिम पेप्टाइड कोणाचे, याविषयी ग्रंथकारांत एकवाक्यता नाही. थिओडोर कुर्टियस यांनी 1881 च्या सुमारास ग्लायसिनाच्या चांदीच्या लवणावर बेंझॉइल क्लोराइडाची क्रिया केली. त्यातून मिळालेल्या पदार्थांत बेंझॉइल गट जोडलेले द्विग्लायसिन होते. काही इतिहासकार संश्लेषणाचा आरंभ इथपासून मानतात. एमिल फिशर व एर्नेस्ट फूर्नो यांनी 1901 मध्ये ग्लायसिल-ग्लायसिन मोकळ्या रूपात मिळवले. बहुतेक पाठ्यपुस्तके हेच वर्ष धरतात. कुर्टियस यांच्या पदार्थाचे एक टोक झाकलेले होते, शिवाय तो हेतुपूर्वक बनवलेलाही नव्हता. त्यामुळे 1901 हे वर्ष अधिक ग्राह्य वाटते. ॲमिनो अम्लांना एकमेकांशी जोडणाऱ्या पेप्टाइड बंधाच्या कल्पनेचेही असेच आहे. सप्टेंबर 1902 मध्ये कार्ल्सबादच्या सभेत फिशर आणि फ्रान्झ होफमाइस्टर या दोघांनी प्रथिनांच्या रचनेविषयी जवळपास तेच मत स्वतंत्रपणे मांडले, तरी श्रेय सहसा एकट्या फिशर यांच्या पदरात पडते.

परीक्षणाच्या दृष्टीने या वादाहून महत्त्वाचे म्हणजे त्या काळी हाती असलेली साधने. फिशर यांनी 1907 मध्ये 15 ग्लायसिन व 3 ल्यूसिन असलेली 18 घटकांची साखळी बनवली. तिची पारख मूलद्रव्यांचे विश्लेषण, प्रकाशीय वलन आणि बाययुरेट विक्रिया यांवरून झाली. ल्यूसिन नेमके कितव्या जागी आहे हे यांपैकी एकाही कसोटीला कळत नाही. संश्लेषणाच्या मार्गावर विश्वास ठेवूनच रचना मान्य करावी लागे.

बर्गमान व झेर्वास यांचा 1932 चा संरक्षक गट आणि द्यू व्हिन्यो यांचे 1953 मधील ऑक्सिटोसिन हे पुढचे टप्पे बहुतेक कोशांत सापडतात. येथे त्यांचा विस्तार केलेला नाही. ब्रॅडिकिनिनाची हकीकत मात्र सविस्तर सांगायला हवी. सापाच्या विषाचा रक्तावरील परिणाम अभ्यासताना रोशा ए सिल्वा, बेराल्दो व रोझेनफेल्ड या ब्राझीलच्या संशोधकांना हा पदार्थ सापडला. ती माहिती 1949 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यानंतर सुमारे दशकभराने त्याचा अनुक्रम जाहीर झाला, तो आठ ॲमिनो अम्लांचा. त्याप्रमाणे बनवलेल्या पेप्टाइडाने काहीच परिणाम दाखवला नाही. सेरिन आणि फेनिलॲलॅनिन यांच्यामध्ये एक प्रोलिन निसटले होते. ते घालून 1960 मध्ये नऊ घटकांचे पेप्टाइड तयार झाले आणि ते नैसर्गिक पदार्थासारखे वागले. येथे चूक अनुक्रम वाचण्यात होती, संश्लेषणात नव्हती. पण आज संश्लेषणात हेच प्रोलिन सुटले तर कुपीत तोच निष्क्रिय अष्टक येतो. पुढील विवेचनात उदाहरण म्हणून ब्रॅडिकिनिनच घेतले आहे.

ब्रूस मेरिफील्ड यांनी 1963 मध्ये घनाधारित पद्धत मांडली आणि पुढच्याच वर्षी तिने ब्रॅडिकिनिन बनवून दाखवले. रेझिनच्या मण्याला साखळीचे शेवटचे ॲमिनो अम्ल बांधायचे आणि उलट दिशेने एकेक जोडत जायचे, अशी ही रीत आहे. मधले पदार्थ वेगळे काढून शुद्ध करावे लागत नाहीत, ही तिची सोय आणि हाच तिचा धोका. प्रत्येक जोडणी 99 टक्के पूर्ण झाली तरी 30 घटकांच्या साखळीत 29 जोडण्यांनंतर पूर्ण लांबीची साखळी सुमारे 75 टक्केच उरते. बाकीच्यात एखादा दुवा कमी असलेल्या साखळ्या असतात. त्यांचे गुणधर्म मुख्य पदार्थाच्या इतके जवळचे असतात की शुद्धीकरणात त्या सहज निघत नाहीत.

म्हणून पहिली कसोटी संश्लेषण चालू असतानाच, मण्यांवर घेतात. निनहायड्रिनवर आधारलेली कैसर चाचणी 1970 ची. जोडणी अपुरी राहिली असेल तर मणी निळे होतात. प्रोलिनपाशी मात्र ती चकवते, कारण त्याचा नायट्रोजन दुय्यम असल्याने निळा रंग येत नाही. ब्रॅडिकिनिनमध्ये सातव्या जागी प्रोलिन आहे. त्यावर सेरिन जोडताना मणी पांढरेच राहिले, तर जोडणी झाली म्हणून की मुळात रंग येणारच नव्हता म्हणून, हे सांगता येत नाही. अशा ठिकाणी दुय्यम नायट्रोजनालाही रंग देणारी क्लोरॅनिल चाचणी करतात. सातवे प्रोलिन स्वतः जोडले जाताना खालचा नायट्रोजन फेनिलॲलॅनिनचा, म्हणजे प्राथमिक असतो. तिथे कैसर चाचणी चालते.

तयार पदार्थाची शुद्धता ठरते ती उच्च कार्यक्षमता द्रव वर्णलेखनाने, म्हणजे प्रयोगशाळेच्या भाषेत एचपीएलसीने. स्तंभ सी-18 (18 कार्बनांच्या साखळ्या जोडलेल्या सिलिकेचा), द्रावक पाणी व ॲसिटोनायट्राइल, त्यात 0.1 टक्का ट्रायफ्लुओरोॲसिटिक अम्ल, आणि नोंद 214 ते 220 नॅनोमीटरवर. इतकी आखूड तरंगलांबी घेण्याचे कारण म्हणजे तिथे खुद्द पेप्टाइड बंध प्रकाश शोषतो. प्रथिनांच्या सवयीने 280 नॅनोमीटरवर पाहू गेल्यास ब्रॅडिकिनिन जवळजवळ दिसतच नाही, कारण त्यात ट्रिप्टोफॅन नाही आणि टायरोसिनही नाही. आलेखातील मुख्य शिखराचे क्षेत्रफळ भागिले सर्व शिखरांचे क्षेत्रफळ, ही झाली शुद्धता. जे शिखर देत नाही ते या हिशेबात धरलेच जात नाही. पाणी, लवणे आणि जिवाणूंचे एंडोटॉक्सिन त्यातच मोडतात. द्रावकातील ॲसिटोनायट्राइल वाढवत नेण्याची चढण घाईची ठेवली तर दोन पदार्थ एकाच शिखराखाली दडतात आणि आकडा वाढतो. त्यामुळे प्रमाणपत्रावरील टक्क्यांपेक्षा सोबतचा आलेख, त्यावरील वेळेची पट्टी आणि शिखराचा खांदा पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. आलेखच जोडलेला नसेल, तर त्या टक्क्यांना फारसा अर्थ राहत नाही.

ओळख पटवण्याचे काम द्रव्यमान वर्णपटलेखनाचे. त्यात आयनाचे वस्तुमान भागिले विद्युतभार असा आकडा मिळतो. ब्रॅडिकिनिनचा एक प्रोटॉन घेतलेला आयन 1060.57 वर आणि दोन घेतलेला 530.8 च्या आसपास दिसतो. एक प्रोलिन कमी असेल तर पहिला आयन 963.5 वर येतो. 16 ची वाढ ऑक्सिडीभवन सुचवते, 56 ची वाढ संश्लेषणातला न निघालेला संरक्षक तृतीयक ब्यूटिल गट आणि 22 ची वाढ बहुधा फक्त सोडियम. पण वस्तुमान जुळले की ओळख पटली, हा समज पुरता खरा नाही. ल्यूसिन व आयसोल्यूसिन यांचे वस्तुमान एकच. ब्रॅडिकिनिनच्या दोन्ही टोकांना आर्जिनिन आहे. पहिले गळाले काय किंवा नववे गळाले काय, आयन 904.47 वरच येतो. जैविक दृष्ट्या मात्र दोहोंत मोठे अंतर आहे. नववे आर्जिनिन नसलेला तुकडा पेशीवरील बी-1 ग्राहीवर (संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनावर) जोमाने काम करतो, तर मूळ ब्रॅडिकिनिन मुख्यतः बी-2 ग्राहीवर. संश्लेषणात नववे आर्जिनिन आधीच रेझिनवर असते, त्यामुळे पहिले सुटण्याचा संभव अधिक. तरी खात्री करायची तर आयन फोडून तुकड्यांची मालिका वाचावी लागते. एखादे ॲमिनो अम्ल उजव्या-डाव्या रूपांत उलटले असेल तर वस्तुमानात तसूभरही फरक पडत नाही. त्यासाठी जलापघटनानंतर 1984 पासून प्रचारात असलेला मार्फी अभिकारक किंवा चिरल (उजवी-डावी रूपे वेगळी करणारे) वायू वर्णलेखन वापरतात. सिस्टिन व हिस्टिडिन असलेल्या साखळ्यांत ही तपासणी टाळू नये. प्रत्यक्षात ती मागणीशिवाय क्वचितच होते.

सर्वांत दुर्लक्षित बाब निव्वळ पेप्टाइड-प्रमाणाची, म्हणजे भुकटीच्या वजनात प्रत्यक्ष पेप्टाइड किती याची. शुद्धीकरणात वापरलेले ट्रायफ्लुओरोॲसिटिक अम्ल पेप्टाइडाच्या आम्लारिधर्मी गटांना लवणरूपाने चिकटून राहते. ब्रॅडिकिनिनमध्ये असे तीन गट आहेत : दोन आर्जिनिन आणि आरंभीचा मोकळा ॲमिनो गट. पेप्टाइडाचे वजन 1060 आणि तीन अम्ल-रेणूंचे 342, मिळून 1402. म्हणजे कोरड्या भुकटीतही पेप्टाइड 75.6 टक्केच. त्यात 6 टक्के पाणी धरले तर 5 मिलिग्रॅमच्या कुपीत पेप्टाइड साधारण 3.55 मिलिग्रॅम भरते. लेबलावरचे 5 मिलिग्रॅम खरे मानून एक मिलिमोलर द्रावण करणाऱ्याच्या हातात प्रत्यक्षात 0.71 मिलिमोलर द्रावण येते. आणि हे सारे शुद्धता 98 टक्के असतानाच घडते. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात. खरे प्रमाण काढण्याचा मान्य मार्ग ॲमिनो अम्ल विश्लेषणाचा. 6 नॉर्मल हायड्रोक्लोरिक अम्लात 110 अंश सेल्सिअसला सुमारे 24 तास साखळी तोडायची आणि सुटे घटक मोजायचे. स्पॅकमन, स्टाइन व मूर यांनी 1958 मध्ये हे मोजमाप स्वयंचलित केले. ब्रॅडिकिनिनसाठी प्रोलिनचे ग्लायसिनशी गुणोत्तर तीनास एक आले पाहिजे. दोनास एक आल्यास वर सांगितलेला अष्टक समोर आहे असे समजावे. ट्रिप्टोफॅन या अम्लात नष्ट होते आणि ॲस्परॅजिन व ग्लुटामिन आपापल्या अम्लांत बदलतात, एवढी मर्यादा लक्षात ठेवावी. पाण्यासाठी 1935 पासूनचे कार्ल फिशर अनुमापन आहेच.

लवणाचा प्रश्न वजनापुरताच नाही. ट्रायफ्लुओरोॲसिटेट हाडांच्या व कूर्चेच्या पेशींची वाढ रोखतो, असे 1999 मध्ये दाखवले गेले. पेशींवर काम करणाऱ्यांनी ॲसिटेट किंवा क्लोराइड रूप मागवणे बरे. एंडोटॉक्सिनसाठी नालखेकड्याच्या रक्तपेशींच्या अर्काची चाचणी रूढ आहे. एका पेप्टाइडात दुसऱ्याचा अंश मिसळल्याने प्रतिकारशक्तीच्या चाचण्यांत खोटे निष्कर्ष आल्याची नोंद 2008 मध्ये एचआयव्ही लसीच्या संदर्भात झाली. ॲमिलॉइड बीटाच्या विषारीपणात एका लॉटपासून दुसऱ्या लॉटपर्यंत फरक पडतो, हे 1992 मध्येच लिहिले गेले होते.

औषधी पेप्टाइडांना युरोपीय औषधकोशाने अशुद्धींच्या मर्यादा घातल्या आहेत : 0.1 टक्क्यापुढे नोंद, 0.5 पुढे ओळख, 1 टक्क्यापुढे सुरक्षिततेचे समर्थन. संशोधनासाठीच्या मालाला असे बंधन नाही. विक्रेत्याचे विश्लेषण प्रमाणपत्र हाच आधार. ‘केवळ संशोधनासाठी’ असा शिक्का मारलेली कुपी माणसाला टोचण्याजोगी नसते, हे सांगण्याची वेळ अलीकडे येऊ लागली आहे.

बडोद्यात रासायनिक विश्लेषणाची परंपरा तिसऱ्या सयाजीरावांच्या काळापर्यंत मागे नेता येते. कलाभवन ही तंत्रशिक्षण संस्था 1890 मध्ये सुरू झाली आणि त्रिभुवनदास गज्जर तिचे पहिले प्राचार्य होते. 1907 मधील अलेम्बिक कारखान्याच्या स्थापनेशी गज्जर, कोटिभास्कर व भाईलाल अमीन ही तीन नावे निगडित आहेत. श्रेय एकट्या अमीन यांना देण्याची प्रथा दिसते, पण तिघांचा एकत्र उल्लेख अधिक योग्य ठरेल. महाराजा सयाजीराव विद्यापीठ 1949 चे. तिथला जीवरसायन विभाग सी. व्ही. रामकृष्णन यांनी नावारूपाला आणला. त्यांचे चिरंजीव वेंकटरमण यांनी याच विद्यापीठातून भौतिकीची पदवी घेतली आणि जिथे निसर्ग पेप्टाइड बंध जोडतो त्या रायबोसोमच्या रचनेसाठी 2009 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळवले. राज्याची अन्न व औषध प्रयोगशाळाही याच शहरात आहे. तिचे क्षेत्र औषधांचे, संशोधनाच्या कुप्यांचे नव्हे.

हाताळणीत बडोद्याचा पावसाळा जमेस धरावा लागतो. शीतशुष्क केलेली भुकटी अतिशय आर्द्रताशोषक असते. उणे 20 अंशांतून काढलेली कुपी जुलैत लगेच उघडली, तर आतल्या थंड भुकटीवर हवेतली वाफ बसते, भुकटी काचेला चिकटते आणि तराजूवरचा आकडा बघता बघता चढत जातो. कुपी बंद ठेवूनच शोषक-पात्रात खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी आणि मग उघडावी. त्याहून बरे म्हणजे पुन्हा न तोलता, मोजून आलेल्या निव्वळ प्रमाणाच्या हिशेबाने सगळी कुपी एकदम विरघळवावी आणि द्रावण छोट्या भागांत वाटून गोठवावे. कोरडी भुकटी कुरियरच्या एक-दोन दिवसांच्या उशिराला सहसा दाद देत नाही. द्रावणाचे तसे नाही, आणि मेथिओनिन, सिस्टिन किंवा ॲस्परॅजिन असलेल्या साखळ्यांचे तर नाहीच. अशा साखळ्यांची एचपीएलसी कुपी हाती आल्यावर स्थानिक उपकरणावर पुन्हा एकदा करून तो आलेख लॉट क्रमांकासह वहीत लावून ठेवतात.