कमिशनर अपील आणि ट्रायब्युनल: दोघांनाही ‘टॅक्स कोर्ट’ म्हणणं आता पुरे

‘इन्कम टॅक्स कोर्टाचा निकाल लागला’ असं कुणी सांगितलं की आधी आदेशाचं पहिलं पान मागून घ्यावं. वर ‘आयटीबीए/एनएफएसी/एस/250’ असा लांबलचक डीआयएन, म्हणजे दस्तऐवजाचा क्रमांक, असेल, तर तो आयकर आयुक्त (अपील) यांचा आदेश, म्हणजे अपिलाची पहिली पायरी. ‘आयटीए नं. अमुक/मुम/2024’ असा क्रमांक असेल आणि खाली एक न्यायिक सदस्य व एक लेखा सदस्य अशी दोन नावं असतील, तर तो आयकर अपील न्यायाधिकरणाचा, म्हणजे ट्रायब्युनलचा, दुसऱ्या पायरीचा. (‘मुम’ म्हणजे मुंबईचं बेंच, ‘पुन’ म्हणजे पुणे आणि ‘पॅन’ म्हणजे पणजी. पॅन कार्डाचा इथे काही संबंध नाही.) ‘टॅक्स कोर्ट’ नावाची चीज अमेरिकेत आहे. तिथल्या न्यायाधीशांना राष्ट्राध्यक्ष 15 वर्षांसाठी नेमतात. आपल्याकडे ट्रायब्युनलवर बसणाऱ्यालाही कायदा ‘न्यायाधीश’ म्हणत नाही, ‘सदस्य’ म्हणतो. आयुक्त तर आयुक्तच.

आयुक्त (अपील) हा टप्पा बहुतेकांच्या ओळखीचा आहे. फॉर्म 35, मुदत 30 दिवस, फी 250 ते 1,000 रुपये, सप्टेंबर 2020 पासून बहुतांश कारभार फेसलेस, म्हणजे समोरासमोर न येता पोर्टलवरून. ट्रायब्युनलला फॉर्म 36 लागतो. फी 500 रुपयांपासून, आणि ठरवलेलं उत्पन्न दोन लाखांच्या वर असेल तर त्याच्या एक टक्का, जास्तीत जास्त 10,000. मुदत पूर्वी 60 दिवस होती. 1 ऑक्टोबर 2024 पासून आदेश मिळाला तो महिना संपल्यावर दोन महिने, म्हणजे 12 जूनला मिळालेल्या आदेशाला ऑगस्टअखेरपर्यंत. या लेखातली कलमं आणि फॉर्म 1961 च्या आयकर कायद्याच्या काळातले. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा कायदा आला आणि कलमांचे व फॉर्मचे क्रमांक बदलले, पण दोन पायऱ्यांची रचना तीच राहिली.

खरा गोंधळ मुदतीचा नाही, खुर्चीचा आहे. आयुक्त (अपील) हे खात्याचेच वरिष्ठ अधिकारी. त्यांच्या बदल्या-बढत्या अर्थ मंत्रालयाकडे. ट्रायब्युनल विधी व न्याय मंत्रालयाखाली येतं, आणि करदाता व खातं हे दोघेही त्याच्यासमोर सारखेच पक्षकार. ‘शेवटी सगळे सरकारीच की’ असं म्हणून हा फरक उडवून लावणाऱ्यांचेच पैसे जातात.

कसे जातात ते पाहा. आयुक्तांसमोर समोरच्या बाजूला कुणी वकील नसतो. तुम्ही लेखी म्हणणं देता, गरज पडली तर आयुक्त तुमचा कर ठरवणाऱ्या मूळ अधिकाऱ्याकडून रिमांड रिपोर्ट, म्हणजे त्याचा अहवाल, मागवतात आणि आदेश देतात. याचं कारण असं की कायद्याच्या दृष्टीने ते जणू कर-निर्धारण अधिकाऱ्याच्याच जागी बसलेले असतात. त्याचे जे अधिकार, ते यांचेही. म्हणून ते कर कमी करू शकतात तसा वाढवूही शकतात. समजा, बँकेत 20 लाख रोख भरले. अधिकाऱ्याने 8 लाखांचा खुलासा मानला आणि 12 लाख उत्पन्नात धरले. 12 लाखांवर अपील केलं, तर आयुक्त नोटीस देऊन, तुमचं म्हणणं ऐकून, उरलेले 8 लाखही धरू शकतात. नोटीस आल्यावर ‘अपील मागे घेतो’ म्हणून सुटका होत नाही. आयुक्तांच्या या अधिकाराला मर्यादा एकच: अधिकाऱ्याने ज्या उत्पन्नाच्या वाटेकडे पाहिलंच नाही, ती नवी वाट त्यांना उघडता येत नाही. 1962 च्या शापूरजी पालनजी मिस्त्री प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितलं.

ट्रायब्युनलमध्ये हा धोका नाही. तुमच्या अपिलात तुम्हाला आधीपेक्षा वाईट जागी नेऊन ठेवायचा अधिकार ट्रायब्युनलला नाही. खात्याला जास्त हवं असेल तर त्याने स्वतंत्र अपील करावं किंवा फॉर्म 36ए वर क्रॉस ऑब्जेक्शन, म्हणजे उलट आक्षेप, टाकावा. समोर खात्याचा प्रतिनिधी, ‘डीआर’, उभा असतो, तुमच्याकडून सीए किंवा वकील. कॉज लिस्ट, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, लागते, युक्तिवाद होतो. दोन सदस्यांचं मत जुळलं नाही, तर अध्यक्ष तो मुद्दा तिसऱ्या सदस्याकडे पाठवतात आणि बहुमत ठरतं. ठरवलेलं उत्पन्न 50 लाखांपर्यंत असेल तर एकच सदस्य ऐकू शकतो. ते ‘एसएमसी’ बेंच.

या वेगवेगळ्या खुर्च्यांवर माणूस मात्र तोच असू शकतो, आणि इथेच जाणकारही अडखळतात. महसूल सेवेत निवड होते, नागपूरच्या प्रत्यक्ष कर अकादमीत प्रशिक्षण होतं, पुढे निर्धारण, तपास, बढत्या. आयुक्त झाल्यावर कधी अपिलाची खुर्ची, तर पुढच्याच बदलीत ‘सीआयटी-डीआर’ म्हणून ट्रायब्युनलसमोर खात्याची बाजू मांडायची. त्यातलेच काही निवड होऊन ट्रायब्युनलचे लेखा सदस्य होतात. त्या दिवसापासून खात्याशी नातं संपतं, समोर उभा असलेला डीआर कालचा सहकारी असला तरी. लेखा सदस्य अनुभवी सीएमधूनही येतात, न्यायिक सदस्य न्यायिक अधिकारी, वकील किंवा विधी सेवेतून. अध्यक्षपदी 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती सी. व्ही. भडंग आले. सदस्यांची मुदत चार वर्षं आणि किमान वय 50 असं 2021 च्या न्यायाधिकरण सुधारणा कायद्याने ठरवलं होतं. नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तरतुदी रद्द केल्या. चार वर्षांसाठी चालती प्रॅक्टिस बंद करून कोण येणार, हा प्रश्न कुणाला इतका अवघड का वाटावा, कळत नाही.

आता सगळ्यात महागडी चूक. ‘आयुक्तांकडे थोडक्यात लिहू, खरे कागद ट्रायब्युनलमध्ये काढू.’ असा सल्ला देणाऱ्याची फी परत मागावी. आयुक्तांकडेही नवा पुरावा नियम 46अ खाली चारच कारणांनी घेता येतो. उदाहरणार्थ, अधिकाऱ्याने वेळच दिला नाही, किंवा पुरेशा कारणामुळे तेव्हा तो देता आला नाही. ट्रायब्युनलमध्ये तर नियम 29 प्रमाणे पक्षकाराला नवा पुरावा द्यायचा हक्कच नाही. सदस्यांनाच तो हवा असं वाटलं, तर गोष्ट वेगळी. आणि तथ्यांचा शेवट ट्रायब्युनलमध्येच होतो. पुढे उच्च न्यायालयात कलम 260अ खाली फक्त कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न चालतो. उसनवारीचं पत्र, पासबुकाची झेरॉक्स, सातबारा तिथे कुणी उघडून बघत नाही. म्हणून फेसलेस पोर्टलवर पहिल्याच उत्तरात सगळं जोडा, पानांना क्रमांक द्या, कुठलं पान काय सिद्ध करतं त्याची अनुक्रमणिका लावा. ट्रायब्युनलला द्यायच्या पेपर बुकात, म्हणजे कागदांच्या संचात, ‘हे खालच्या अधिकाऱ्यांसमोर होतं’ असं प्रमाणित करावं लागतं. तेव्हा हीच पानं कामाला येतात.

ट्रायब्युनलच्या आदेशात हिशेबाची किंवा उघड दिसणारी चूक राहिली, तर दुरुस्तीचा अर्ज आदेश झाला तो महिना संपल्यापासून सहा महिन्यांत. त्या अर्जात अख्खं प्रकरण पुन्हा लढू नये, फेटाळला जातो.

आणि प्रत्येक आदेश आधी आयुक्तांकडे जात नाही. प्रधान आयुक्तांनी कलम 263 खाली निर्धारण फिरवलं, तर अपील थेट ट्रायब्युनलला. सवयीने फॉर्म 35 भरून ठेवला, तर काही महिन्यांनी ‘अपील चालणार नाही’ एवढंच उत्तर येतं, तोवर फॉर्म 36 ची मुदत उलटलेली असते आणि उशीर माफीच्या अर्जापासून सुरुवात करावी लागते.