‘पडीक’ माळाची मोजणी

पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात गवताची पाहणी करायची तर भाद्रपद-आश्विन गाठावा लागतो. पवन्या, मारवेल, डोंगरी, कुसळी ही गवतं तुरा धरल्याशिवाय खात्रीनं ओळखू येत नाहीत. एक मीटरची चौकट टाकायची, तिच्यातली प्रत्येक जात आणि तिनं व्यापलेली जागा नोंदवायची, पुढच्या वर्षी पुन्हा त्याच जागेवर यायचं. काम इतकं साधं असूनही उशिरा सुरू झालं, आणि त्याचं मूळ एका शब्दात आहे.

१८३५-३६ च्या सुमारास जमीनमोजणीची नवी पद्धत याच जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात प्रथम वापरली गेली. तिचं लक्ष होतं शेतसाऱ्यावर. नांगराखाली न आलेली जमीन म्हणजे पडीक. शेतकऱ्याच्या तोंडी ‘पड’ म्हणजे विश्रांतीला ठेवलेलं रान, गुरांची चराई. दप्तरात मात्र त्याचा अर्थ ‘उपयोग नसलेली’ असा रुळला. गायरान वेगळं, पोटखराबा (शेतातला लागवडीलायक नसलेला तुकडा) वेगळा, कुरण वेगळं, पण सरकारी योजनांच्या भाषेत सगळी एकाच पोत्यात गेली. १९६८ च्या वनप्रकार वर्गीकरणानंही असे माळ म्हणजे काटेरी जंगलाची खालावलेली अवस्था असंच धरलं. १९७३ मध्ये देशातल्या गवताळ आच्छादनाची स्वतंत्र विभागणी प्रसिद्ध झाली, तिच्यात दख्खनचा पट्टा शेडा आणि मारवेल या गवतांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या शेडा-मारवेल प्रकारात आला. तरी १९८५ नंतर पडीक जमीन ‘सुधारण्याचा’ जो जोर आला, त्यात ही विभागणी मागेच पडली.

सुधारणा म्हणजे चर खोदणं आणि गिरिपुष्पासारखी (ग्लिरिसिडिया) झाडं लावणं. चरासाठी माती उलथते, सावलीत ऊन मागणारं गवत मागे हटतं. यश मोजलं जाई ते जगलेल्या रोपांवरून. माझ्या मते इथेच सर्वांत मोठी चूक झाली: लागवडीआधी त्या जागी कोणती गवतं होती, हे लिहूनच ठेवलं गेलं नाही.

मयूरेश्वर १९९७ मध्ये चिंकारांसाठी राखलं गेलं, क्षेत्र जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर. पाणवठ्यांवरची प्राणीगणना बुद्धपौर्णिमेला होते, तेव्हा माळावर वाळकी खुंटं उरलेली असतात. गवताचा हिशेब तिच्यात येणं शक्यच नाही. त्यातून हा पर्जन्यछायेचा प्रदेश; एखाद्या चांगल्या पावसाच्या वर्षी दिसलेलं गवत दुष्काळात नाहीसं झाल्यासारखं वाटतं. म्हणून एकदाच केलेली यादी पुरत नाही. चौकटींच्या कोपऱ्यांना खुणेचे दगड पुरावे लागतात, आणि तेच दगड दहा-दहा वर्षं पुन्हा शोधावे लागतात.